जुनी ३२५आय: सस्पेन्शन आधी की एक्झॉस्ट? आणि नक्की काय टाकू?

वळणवेडा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गाडी बीएमडब्ल्यू ई३०, ३२५आय, चार दरवाजे, १९८८ ची, पाच गिअर मॅन्युअल. इंजिन एम२०, अडीच लिटर, सहा सिलिंडर, आणि ते अजून असं गोड फिरतं की बाकी गाडीचं वय विसरायला होतं. पण बाकी गाडीचं वय ती स्वतःच आठवण करून देते हो. वळणात तोंड घालायला उशीर करते, मागच्या चाकाखाली काही आलं की बुटाखाली कुणीतरी हातोडी मारल्यासारखा एकच ठोका येतो, आणि वेगात ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं (डिस्क नवीन आहेत, म्हणजे त्या नाहीत असं मी धरून चाललोय). शॉक बहुतेक कंपनीचेच असावेत, एकाला तेल सुटलंय. मागचा मफलर सडलाय, त्यामुळे एक्झॉस्टचं काहीतरी करायचंच आहे.

वापर म्हणाल तर सुट्टीच्या दिवशी पहाटे मनसोक्त वळणं, महिन्यातून एखादा लांबचा पल्ला, आणि वर्षातून एकदा-दोनदा ट्रॅक डे, तोही टायमिंग वगैरे काही नाही, हौस म्हणून.

डोक्यात असं आहे की कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक एकाच तुकड्यात, उंची कमीजास्त करता येणारे) घ्यावेत, पन्नासेक मिलिमीटर खाली बसवावी, जाड अँटी-रोल बार (वळणात गाडी झुकू न देणारी आडवी दांडी), सगळीकडे पॉली बुश (सांध्यांतल्या रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन), आणि मागे तीन इंची सरळ पाइप. एका मित्राने सांगितलं की आधी एक्झॉस्ट कर, लगेच फरक कळतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा. शिव्या घातल्या तरी चालतील, मुद्देसूद घाला.

तेलकट_हात:

मुद्देसूद शिव्या :D

आधी एक आगाऊ प्रश्न, टायमिंग बेल्ट कधी बदललाय? एम२० ला चेन नाही, बेल्ट आहे, आणि तो तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भेटतात. कागद नसेल तर कॉइलओव्हर बाजूला, आधी बेल्ट, टेन्शनर आणि हात घातलाच आहे तर वॉटर पंप. बाकी चर्चा चालू द्या, मी लाह्या घेऊन बसतो.

जुनाट:

वळणवेडा, तू जी तीन लक्षणं लिहिलीस ना त्यातलं एकही "अपग्रेड हवं" म्हणून ओरडत नाहीये, तिन्ही "माझं रबर मेलंय" म्हणून ओरडतायत. पस्तीसहून जास्त वर्षांचं रबर आहे ते. आजारी माणसाला व्यायामशाळेत पाठवण्यातला प्रकार होईल.

ब्रेक लावल्यावर स्टेअरिंग थरथरतंय आणि डिस्क ठीक आहेत, तर पुढच्या कंट्रोल आर्मचे मागचे बुश बघ, ज्यांना सगळे लॉलीपॉप म्हणतात. पहारीने हलकेच रेटून बघितलं की फाटलेलं रबर डोळ्यांना दिसतं. ते फाटले की ब्रेकच्या जोराने अख्खं चाक मागेपुढे नाचतं, तेच तुझ्या हातात येतं. मागचा ठोका म्हणजे दहापैकी नऊ वेळा मागच्या शॉकचं वरचं माउंटिंग. डिकीतलं कार्पेट उचल, एकाला आत बसवून गाडी दाब, नट टकटक हलताना दिसेल. आणि तिथंच असताना आजूबाजूच्या पत्र्याला बारीक चीर गेलीय का ते टॉर्च मारून नीट बघ, कारण ढिलं माउंटिंग वर्षानुवर्षं आपटत राहिलं की पत्रा थकतो, मग कडक शॉक टाकल्यावर तो फाटायला वेळ लागत नाही. तिथे मजबुतीची प्लेट मिळते, ती टाकून घे, वजन नगण्य.

आता निवडीबद्दल. ई३० ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहेत पण आजच्या गाड्यांसारखे अख्खे बदलायचे नाहीत, नळी स्टब ॲक्सलला जोडलेली असते आणि आत इन्सर्ट (शॉकचा गाभा) बसतो, वरून मोठा नट. म्हणजे खऱ्या अर्थाने कॉइलओव्हर बसवायचे तर बहुतेक किटांमध्ये मूळ नळी कापून वेल्डिंग करावं लागतं. एकदा कापली की परत मूळ गाडी नाही. हे किट विकणारे शेवटच्या ओळीत लिहितात. आणि हो, नळीचे दोन व्यास आहेत, ४५ आणि ५१ मिलिमीटर. वर्षावरून अंदाज बांधू नकोस, मध्ये कुणी स्ट्रट बदलले असतील तर फसशील, कॅलिपर लावून मोज आणि मगच मागव. मी अंदाज बांधला होता. एक महिना गाडी जॅक स्टँडवर उभी होती, घरचे त्या स्टँडवर कपडे वाळत घालायला लागले होते.

मागे तर स्प्रिंग आणि शॉक मुळात वेगवेगळ्या जागी आहेत, आणि चाक धरायला तिरका सेमी-ट्रेलिंग आर्म. हाच आर्म तुझ्या पन्नास मिलिमीटरच्या स्वप्नाच्या आड येतो. गाडी खाली बसवली की मागची चाकं वरून आत झुकतात, निगेटिव्ह कॅम्बर वाढतो, टो (वरून बघितलं तर चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) पण हलतो, आणि कंपनीने मागे ना कॅम्बर ॲडजस्ट करायची सोय दिलीय ना टो. सबफ्रेमला (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) वेल्ड करून एक्सेंट्रिक ॲडजस्टर लावता येतात पण त्यासाठी सबफ्रेम उतरवावी लागते. नाहीतर टायर आतल्या कडेने खात बसणार. कॅम्बरने टायर हळूहळू जातो, टो बिघडला तर भराभर, किसणीवर धरल्यासारखा.

पुढे वेगळीच गंमत. मॅकफर्सनची गाडी फार खाली केली की खालचा आर्म आडव्याच्या पलीकडे, चाकाकडून आत उतरता होतो आणि रोल सेंटर (गाडी वळणात ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षाही भरभर खाली जातं. म्हणजे गाडीचं वजन आणि रोल सेंटर यातलं अंतर वाढतं, म्हणजे तेवढ्याच वळणात तीच गाडी जास्त झुकायला बघते. लोक खाली करतात झुकू नये म्हणून, मग ती जास्त झुकायला बघते म्हणून स्प्रिंग आणखी कडक, मग खड्ड्यात दात वाजतात, मग गाडी विकायला. तीस मिलिमीटरपर्यंत ठीक, त्याच्या खाली जाऊ नकोस, फोटोत छान दिसते तेवढंच.

माझं मत, साध्या कमी उतरणाऱ्या स्प्रिंग (आयबाखची प्रो-किट किंवा तत्सम) आणि त्याला जोडीचे शॉक. बिल्श्टाइन घेणार असशील तर नावाचा घोळ समजून घे, बी६ म्हणजे जुने एचडी, ते मूळ उंचीसाठी, आणि बी८ म्हणजे जुने स्पोर्ट, ते आखूड असतात, खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी. बी६ वर आखूड स्प्रिंग टाकली की शॉक कायम अर्धा दाबलेलाच राहतो, वर जायला जागा कमी, बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) जाऊन बसतो. पिवळे कोनी पण उत्तम, त्यात रिबाउंड (शॉक लांबतानाचा कडकपणा) कमीजास्त करता येतो, कंप्रेशन (दाबतानाचा) नाही. बिल्श्टाइन मोनोट्यूब गॅसचे, रस्त्याची बारीकसारीक खबर जास्त देतात, कोनी जरा सभ्य. लांबच्या पल्ल्याला मी कोनी घेईन, तू पहाटेची वळणं म्हणतोयस तर बी८. दोन्हीत रडायची वेळ येणार नाही.

स्प्रिंग कापू नकोस हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. वेटोळं कमी केलं की स्प्रिंग कडक होते (सहा काम करणाऱ्या वेटोळ्यांची पाच केली तर वीस टक्के), पण टोक सीटमध्ये नीट बसत नाही आणि शॉक आहे तोच राहतो.

बार शेवटी. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० चा २२ केला तर कानाला दोन मिलिमीटर वाटतात, प्रत्यक्षात साधारण ४६ टक्के जास्त कडक. मागचा बार जाड केलास तर वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडल्यावर या गाडीची शेपटी आधीच नाचरी आहे ती आणखी नाचेल.

एक्झॉस्टवर धुरकटला बोलू दे, नाहीतर रुसेल.

पॉलीप्रेमी:

जुनाटशी बरंचसं सहमत पण रबराचं एवढं कौतुक नको. माझ्या गाडीत मागच्या ट्रेलिंग आर्मला आणि सबफ्रेमला पॉली आहेत सहा वर्षं, काहीही त्रास नाही, वळणात मागची बाजू एकदम खिळून राहते. कंपनीचं रबर टाकायचं आणि पुन्हा दहा वर्षांनी तेच काम करायचं, कशाला?

जुनाट:

@पॉलीप्रेमी, ट्रेलिंग आर्मला पॉली चालतो हे मान्यच, आर्मचे दोन्ही बुश एकाच आसावर आहेत, तिथे तो अडकत नाही, नुसता फिरतो. माझा आक्षेप "सगळीकडे पॉली" ला आहे. डिफरन्शियलच्या बुशला पॉली टाकलास तर गिअरचं कूं कूं थेट मागच्या सीटवर येऊन बसतं, मी ऐकलंय, लांबच्या पल्ल्याला डोकं उठतं. आणि ग्रीस विसरलास की पॉली कुरकुरतो, पावसाळी दिवशी तर म्हातारीची खाट. याच्या वापराला ट्रेलिंग आर्म पॉली किंवा नवीन रबर काहीही, सबफ्रेम आणि डिफला रबर, पुढचे लॉलीपॉप ई३० एम३ चे. ते भरीव रबराचे असतात आणि भोक मध्यभागी नसून सरकवलेलं असतं, त्यामुळे कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) वाढतो, स्टेअरिंगला वजन येतं, सरळ रस्त्यावर गाडी जास्त ठाम. या गाडीला पुढेही फक्त टो ॲडजस्ट होतो, कॅस्टर कॅम्बर काही नाही, त्यामुळे एवढ्याशा बुशने मिळणारा कॅस्टर म्हणजे चोरून मिळालेला लाडू.

पॉलीप्रेमी:

म्हातारीची खाट :)) ठीक आहे, डिफचं मान्य. माझ्याही गाडीत कूं कूं आहे, मला वाटायचं बेअरिंग आहे.

धुरकट:

रुसलो नव्हतो, जेवत होतो.

तीन इंची सरळ पाइप. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. याच्यापुढे काही होणार नाही, आवाज सोडून.

१७० च्या आसपास अश्वशक्तीचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे, त्याला तीन इंची पाइप म्हणजे लहान पोराला बापाचा शर्ट. "बॅकप्रेशर हवंच असतं" हे पण खोटं आहे बरं का, बॅकप्रेशर कुणालाच नको असतं. हवा असतो तो वेग. प्रत्येक सिलिंडरचा धूर ठोक्याने बाहेर पडतो आणि त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी येते, ती पोकळी वेळेवर पोचली तर पुढच्या सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून काढते. पाइप फार मोठा केला की धूर रेंगाळतो आणि ही ओढ खालच्या आरपीएमला मरते. तुझ्या सडलेल्या मफलरच्या जागी चांगला आरपार मफलर टाकून अश्वशक्ती किती वाढेल विचारशील तर, सीटवर बसून कळेल इतकी नाही. एक्झॉस्ट आवाजासाठी आणि सडलंय म्हणून कर, ताकदीसाठी नको. मित्र म्हणतो लगेच फरक कळतो, कळतो ना, कानाला.

आता या इंजिनाची मजा. फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. पुढचे तीन सिलिंडर एका नळीत, मागचे तीन दुसऱ्या नळीत. ऑर्डर नीट बघ, एक पुढचा, एक मागचा, एक पुढचा, एक मागचा. म्हणजे प्रत्येक नळीत ठोके अगदी समान अंतराने, दर २४० अंशांनी. म्हणून कंपनीने दोन नळ्या खाली बऱ्याच लांबपर्यंत वेगळ्या आणल्यात, उगाच नाही. त्या हेडजवळच एकत्र करू नकोस. पण शेवटपर्यंत पूर्ण वेगळ्या ठेवल्यास तर कानाला दोन तीन-सिलिंडरची इंजिनं एकत्र भांडतायत असा खरबरीत आवाज येतो. कुठेतरी मध्ये त्यांना भेटू दे, मफलरमध्ये किंवा एक्स जोडाने, मग तो सहा सिलिंडरचा रेशमी सूर लागतो ज्यासाठी आपण ही गाडी घेतली.

खरा शत्रू घुमणं. सगळे लोक एक्झॉस्ट जागेवर उभ्या गाडीत रेस करून पसंत करतात आणि मग तीन तास हायवेला तोच घुमारा कवटीत घेऊन परत येतात. हिशोब सोपा आहे. टॉपला तू समजा ३००० वर चालवतोस. म्हणजे सेकंदाला ५० फेरे, दर फेऱ्याला तीन स्फोट, १५० हर्ट्झ. तुझ्या केबिनलाही त्याच आसपास कुठेतरी गुंजायची सवय असली की झालं. उपाय दोन. मधला रेझोनेटर (घुमारा गिळणारा डबा) काढायचाच नाही, लोक तो "अडथळा" म्हणून उडवतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. तरीही राहिलं तर बंद टोकाची एक शाखा मुख्य पाइपला जोडायची, लांबी त्या आवाजाच्या लहरीच्या एक चतुर्थांश. ध्वनीचा वेग तापमानाने वाढतो, साध्या हवेत सेकंदाला ३४० च्या आसपास मीटर, ३०० अंश सेल्सियसला साधारण ४८०. त्या हिशोबाने १५० हर्ट्झला ८० सेंटिमीटर. पण ती शाखा आडबाजूला असते, तिच्यातून धूर वाहत नाही, म्हणून ती मुख्य पाइपपेक्षा थंड असते आणि लांबी त्यापेक्षा थोडी कमी निघते. आधी जरा लांब करून टोकाला सरकतं बूच लावा, चालवून बघा, मग कायमचं वेल्ड.

मटेरियलला ३०४ स्टेनलेस, जमत नसेल तर ४०९. ४०९ ला लोहचुंबक चिकटतो आणि वरून तपकिरी होतो, घाबरायचं नाही, आत खात नाही लवकर. मी एकदा एका दुकानात "स्टेनलेस" म्हणून घेतलं, दुसऱ्या पावसाळ्यात मफलरला भोक. तेव्हापासून खिशात चुंबक असतो, पण चुंबक फक्त ४०९ आणि ३०४ यातला फरक सांगतो, साध्या लोखंडाला तर तो चिकटणारच, त्यामुळे ग्रेडचा कागद मागा.

लॅम्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असेल गाडीला तर त्याचं भोक मूळ जागेच्या आसपासच राहू दे, मागे ढकलू नकोस, गार झाला तर उशिरा जागा होतो. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) असेल तर काढू नकोस, बाकी कायदा तुझा तू बघ. आणि वेल्डिंग गाडीवरच करणार असतील तर आधी बॅटरी काढायला लाव.

तेलकट_हात:

धुरकट, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनाच्या हेडला धरून ठेवणारे नट?

धुरकट:

हो राहिलं. हेडला हात लावायचाच नाही ठरलं असेल तर छान. लावणारच असशील तर आदल्या रात्री, त्याच्या आदल्या रात्री, आणि त्याच्याही आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल. एक स्टड हेडमध्ये तुटला की "एक तासाचं काम" दोन दिवसांचं होतं. परत लावताना तांब्याचे नट.

एकशेनव्वद:

माझी गाडी मर्सिडीजची डब्ल्यू२०१, म्हणजे या वादात मी शेजारचा. पण वाचताना सारखं वाटतंय की मागच्या प्रत्येक चाकाला पाच लिंक (दांड्या) असल्या की किती भांडणं वाचतात. आमच्याकडे भांडण वेगळं, पाच लिंक म्हणजे बुश पण तितकेच जास्त. एकेक करून बदलायला घेतले तर पहिला बदलून शेवटचा होईपर्यंत पहिला जुना झालेला असतो.

एक मात्र सगळ्यांना लागू, रबरी बुश कसताना चाकं हवेत लटकत असताना कसू नका. गाडी स्वतःच्या उंचीवर, वजन चाकांवर, मग शेवटचा पीळ. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं, मग लोक पार्टला नावं ठेवतात.

जुनाट:

+१, आणि लॉलीपॉपला तर याहून घाई. ते साबणाच्या पाण्याने आर्मवर दाबून बसवायचे, ग्रीसने नाही, आणि बसवल्यावर पाणी सुकायच्या आत, अर्ध्या तासाच्या आत म्हणा, गाडी जमिनीवर आणायची म्हणजे बुश योग्य कोनात चिकटून बसतो. म्हणजे दोन्ही बाजू एकदम, मध्ये चहा नाही.

वळणवेडा:

अरे बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काल कार्पेट उचललं. जुनाट म्हणाले तेच. मागे डावीकडचं माउंटिंग हाताने हलतंय, रबर म्हणून जे होतं ते काळ्या भुग्यासारखं निघालं. पत्र्याला चीर दिसली नाही पण रंगाला एका बाजूने गोल भेग आहे, ती खरवडून बघणार आहे. लॉलीपॉप दोन्ही फाटलेले. उजवीकडचा तर असा की मला लाज वाटली. एवढे दिवस मी डिस्क आणि व्हील बॅलन्सिंगवर संशय घेत फिरत होतो, दोनदा बॅलन्सिंग करून आणलं. बेल्टचा कागद सापडला नाही, त्यामुळे तो पण यादीत आला, तेलकट_हात तुमच्या लाह्या वसूल.

पन्नास मिलिमीटर आणि तीन इंची दोन्ही डोक्यातून काढलंय. स्ट्रटची नळी मोजली, ५१ आहे. आता विचार असा, पहिल्या फेरीत एम३ चे लॉलीपॉप, मागची माउंटिंग प्लेटसकट, ट्रेलिंग आर्मला नवीन रबर, बी८ आणि सौम्य स्प्रिंग, मग अलाइनमेंट. दुसऱ्या फेरीत मागचा मफलर आरपार, मधला रेझोनेटर तसाच. बार सध्या नाही.

फक्त एक शंका. खालच्या स्प्रिंग टाकल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसलेली दिसते असं बऱ्याच फोटोंत बघितलंय, डिकीत कुणी पोतं ठेवल्यासारखी. त्याला काय करतात?

जुनाट:

स्प्रिंगखालची रबरी पॅडं वेगवेगळ्या जाडीची मिळतात. मागे जाड पॅड टाकलंस तर पोतं उतरतं. पण आत्ता मागवू नकोस, आधी स्प्रिंग टाक, टाकी अर्धी भर, शेदोनशे किलोमीटर चालवून बसू दे, मग चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत मोज आणि आकडे इथे टाक. रंगाची ती गोल भेग मात्र आधी खरवड, फोटो टाक. ती पत्र्यातली निघाली तर बाकी सगळं थांबव.

धुरकट:

आणि रेझोनेटर वाजवून बघ, बोटाने. आतून खुळखुळलं तर तोही गेलाय.